एकमेकांचे कोण?

उत्तर गुजरातमधल्या लांघणजला वाळूच्या एका टेकाडात गेंड्याच्या खांद्याचं हाड सापडलं होतं. एकशिंगी गेंडा, आज ज्याला बघायला आपण काझीरंग्याला जातो तोच. मेहसाणा जिल्ह्यात आता एरंडी, जिरं आणि म्हशी. गेंडा लपेल असं गवत औषधालाही मिळायचं नाही. त्या हाडाच्या सपाट अंगावर टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे आहेत. फ्रेडरिक झॉयनर या अभ्यासकांनी ते तपासून १९५२ मध्ये मत मांडलं की हे हाड ऐरण म्हणून वापरलं असावं. त्यावर दगड टेकवून कुणीतरी त्याची कड टिपत बसत असणार.

मला हे फार पटतं, कारण तो सगळा मुलूख वाळूचा. दगड हवा तर तो लांबच्या नदीपात्रातून उचलून आणायचा. असा मिनतवारीनं आणलेला दगड ऐरणीत कोण घालवेल? खाऊन झालेल्या जनावराचं रुंद हाड हाताशी होतं, तेच पुढ्यात ओढलं.

त्या ऐरणीवर घडत होती ती सूक्ष्मास्त्रं. मध्याश्मयुगाची, म्हणजे जुन्या आणि नव्या अश्मयुगाच्या मधल्या काळाची, ओळख म्हणजे ही नखाएवढी हत्यारं. अकीक, चर्ट, गारगोटी यांची एक-दोन सेंटिमीटरची पाती, काही त्रिकोणी, काही चंद्रकोरीच्या आकाराची. एकटं पातं बोटात धरून काही कापू म्हटलं तर आधी बोट कापेल. लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडायची, तिच्यात ही पाती ओळीनं बसवायची, डिंकानं किंवा राळेनं पक्की करायची. एखादं तुटलं तर तेवढंच काढून नवं लावायचं, सगळा बाण फेकून द्यायची गरज नाही. दगडाची टंचाई असलेल्या माणसाचंच हे डोकं.

अहमदाबादला राहत असताना मी एका हिवाळ्यात लांघणजला गेले होते. चहाच्या टपरीवर चौकशी केली तर मालक म्हणाला, "बेन, त्यां कशुं नथी." तिथे काही नाही हे खरंच होतं. तरी त्यानं त्याच्या मुलाला सोबत दिलं. शेतांच्या कडेनं वेड्या बाभळीच्या काट्यांतून वाट काढत तो मला एका वाळूच्या उंचवट्यावर घेऊन गेला. उत्खननाचं टेकाड तेच की त्याच्या शेजारचं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण पायाखाली बघत चालायची त्याला सवय होती. वाकून त्यानं एक पांढुरकं चिमुकलं पातं उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. दाताएवढं असेल. एक कड नुसती धारदार, दुसरी कड टिपून टिपून मुद्दाम बोथट केलेली, म्हणजे दांड्यात बसणारी बाजू ती. उन्हासमोर धरलं तर धारेकडून उजेड आरपार येत होता. बोथट बाजूवर अंगठ्याचं नख फिरवलं की टिपल्याचे कंगोरे एकेक करून लागत होते. मी ते परत वाळूत ठेवलं. मुलाचा चेहरा पडला. विकायचं नाही आणि न्यायचंही नाही, मग एवढ्या लांब कशाला आली ही बाई?

मी त्याला सांगितलं, हे करणारी माणसं इथेच राहायची, शिकार करायची, मासे धरायची. त्यानं विचारलं, "ए लोको कोण हता? पटेल के ठाकोर?"

मला हसू आलं. पण हा प्रश्न काही त्या पोराचा एकट्याचा नाही. लांघणजच्या सांगाड्यांना पहिल्यांदा जे विचारलं गेलं ते थोड्याफार फरकानं हेच होतं.

१९४१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया प्रागैतिहासिक अवशेष शोधत गुजरातभर फिरले, त्यात हे ठिकाण हाती लागलं. १९४४ पासून तिथे उत्खननं सुरू झाली आणि मधल्या काळात थांबत थांबत १९६३ पर्यंत चालली. सूक्ष्मास्त्रं मिळाली, नीलगाय, काळवीट, चितळ, रानडुक्कर, कासव, मासे यांची हाडं मिळाली, आणि चौदा माणसांचे सांगाडे मिळाले. राहत्या जागेतच, हातपाय दुमडून, कुशीवर निजवलेले. भारतात इतक्या जुन्या पद्धतीनं जगणाऱ्यांचे सांगाडे रीतसर उकरले जाण्याची ही अगदी सुरुवातीची वेळ. सांकळियांच्या बरोबर तिथे होत्या इरावती कर्वे.

स्कूटरवरच्या इरावतीबाई आणि महाभारतावर लिहिणाऱ्या इरावतीबाई मराठी माणसाला पाठ आहेत. कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाईंची आठवण कमी निघते. पण त्यांचं शिक्षण ते होतं. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, विषय माणसाच्या कवटीची विषमता, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी नसणं. फिशर हा वंशशुद्धीचा पुरस्कर्ता. पुढे नाझींना त्याची संस्था उपयोगी पडली. गोऱ्या कवटीच्या घडणीत काहीतरी श्रेष्ठ निघावं अशी त्याची अपेक्षा होती. तिशीही न गाठलेल्या या पुणेकर मुलीनं कवट्या मोजल्या आणि लिहिलं की या विषमतेचा वंशाशी संबंध नाही. गुरूच्या घरात बसून गुरूच्या मताविरुद्ध आकडे मांडायचे, तेही त्या काळातल्या बर्लिनमध्ये. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

म्हणूनच लांघणजचं लेखन वाचताना मन जरा खट्टू होतं. १९४९ मध्ये सांकळिया आणि कर्वे यांनी अमेरिकेतल्या मानवशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यात पुन्हा तेच: डोकी लांबट, ठेवण अमुक, साम्य ईशान्य आफ्रिकेतल्या लोकांशी. पुढे दुसऱ्यांनी मोजलं तर त्यांना दुसरंच साम्य दिसलं. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. हातात कॅलिपर, म्हणजे मापं घ्यायचा चिमटा, असेल तर लांबी-रुंदीच कळणार, आणि लांबी-रुंदीवरून तेव्हाचं सगळं शास्त्र एकच गोष्ट काढत होतं: कुठले? आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाला विचारतात ना, तुम्ही मूळचे कुठले, तेच. उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि त्या माणसाविषयीचं कुतूहलही तिथेच संपतं.

मग प्राचीन डीएनए आला. हाडाची पूड करून त्यातली जनुकं वाचता यायला लागली. आता तरी प्रश्न बदलेल असं वाटलं होतं. पण बातमी होते ती अजूनही 'कुठले'चीच. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या गफ गुहेत १९०३ मध्ये एक सांगाडा सापडला होता, त्याला चेडर मॅन म्हणतात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा, विशी-पंचविशीत गेलेला माणूस. २०१८ मध्ये त्याच्या जनुकांवरून सांगितलं गेलं की त्याची कातडी बहुधा काळी किंवा गडद असावी आणि डोळे फिकट, निळ्या छटेचे. झालं! ब्रिटिश वर्तमानपत्रांना आठवडाभर दुसरं काही सुचेना. हा आपला पूर्वज काळा कसा म्हणून काहीजण चिडले, काहीजण त्याच कारणासाठी खूश झाले. तो माणूस तेवीस-चोवीस वर्षं काय खात होता, कुणाबरोबर हिंडत होता, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. त्यानं एका नळीत थुंकून ती कंपनीला पाठवली आणि आलेल्या टक्केवारीचा फोटो घराच्या ग्रुपवर टाकला. मोठ्या काकांनी लगेच विचारलं, "यात कोकणस्थ किती?"

टक्केवारीपलीकडे जाणारं संशोधन असतं, ते मात्र वाचताना खाली ठेववत नाही. डेन्मार्कच्या लोलंड बेटावर बर्चच्या सालीपासून केलेल्या काळ्या राळेचा एक गोळा मिळाला, सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीचा. हत्याराची पाती चिकटवायची राळ ती. थंड झाली की कडक होते, म्हणून चावून मऊ करत असावेत. हाड नाही, दात नाही, नुसता चावलेला गोळा. २०१९ मध्ये त्यातून एका मुलीचा किंवा बाईचा अख्खा जनुकसंच काढला. शिवाय तिनं थोड्या वेळापूर्वी खाल्लं असावं त्याचा मागही त्यात सापडला: हेझलनट आणि रानबदक. आसपासच्या प्रदेशात शेती पोचली होती तेव्हाची ही गोष्ट, पण तिच्यात शेतकऱ्यांचा अंश नव्हता. पोट शिकारीवरच, रक्तही शिकाऱ्यांचंच.

पण मला खरं सांगायचं आहे ते फ्रान्सचं. ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर तेव्हियेक आणि एदिक अशी दोन बेटं आहेत. मार्त आणि सँ-ज्युस्त पेकार या नवरा-बायकोनं १९२८ ते १९३४ या काळात तिथे उत्खनन केलं. ब्रिटनीची माती आम्लधर्मी, हाडं विरघळवून टाकणारी. पण इथली माणसं कालवं-शिंपले खाऊन त्यांची टरफलं ढिगानं टाकत आणि त्याच ढिगात आपली माणसं पुरत. टरफलांतल्या चुन्यानं हाडं राखली. एकेका खड्ड्यात दोन-दोन, तीन-तीन जण. तेव्हियेकच्या एका खड्ड्यात दोन तरुण बायका होत्या, गळ्यात शिंपल्यांच्या माळा आणि वरती लाल हरणाच्या शिंगांचं छत रचलेलं. डोक्यावर घाव. दोघींचा मृत्यू मारहाणीनं झाला असावा. कुणीतरी त्यांना मारलं आणि कुणीतरी एवढ्या निगुतीनं पुरलं.

एका खड्ड्यात सापडलेली माणसं एका घरची, हे आपण न विचारता धरून चालतो. बाई आणि मूल म्हणजे आई आणि लेकरू. पेकार दाम्पत्यापासून सगळ्यांनी तसंच धरलं. आणखी एक कयास होता. हाडांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या प्रमाणावरून माणसानं समुद्रातलं किती खाल्लं ते समजतं. या शतकाच्या सुरुवातीला तसं मोजलं तेव्हा काही तरुण बायकांच्या आहारात समुद्राचा वाटा कमी निघाला. म्हणजे या आतल्या मुलखातून लग्न होऊन किनाऱ्यावर आल्या असाव्यात, लेकी सासरी जात असाव्यात.

२०२४ मध्ये या दोन बेटांवरच्या माणसांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या, पश्चिम युरोपातल्या अगदी शेवटच्या शिकारी लोकांचे. त्यांत असं दिसलं की एका खड्ड्यात एकत्र पुरलेल्यांपैकी बरेच जण एकमेकांचे रक्ताचे कुणी नव्हते. बाई आणि मूल असले तरी आई-लेकरू नाही, मावशी-भाचाही नाही. आणि लोक मोजके असूनसुद्धा जवळच्या नात्यात मुलं होत नव्हती. दूरच्या टोळ्यांशी येणं-जाणं, देवाणघेवाण राखून होते म्हणूनच हे जमलं असणार. शेजारी शेतकरी येऊन ठेपले होते, त्यांच्याशी मात्र मिसळले नाहीत. सोयरीक करायची तर शिकाऱ्यांतच, पण घरातली नको.

हे वाचलं तेव्हा इरावतीबाई हव्या होत्या असं वाटलं. कॅलिपरवाल्या नव्हे, नंतरच्या. लांघणजहून परतल्यावर त्यांनी आयुष्याचं मोठं काम केलं ते भारतातल्या नातेसंबंधांवर. कोण कुणाला काय म्हणतं, लेक किती कोसांवर देतात, कुणाशी लग्न चालतं, कुणाशी नाही. उत्तरेत गावातली मुलगी ती बहीण, तिला लांब द्यायचं. दक्षिणेत मामाची नाहीतर आत्याची, ओळखीच्या घरात. आणि महाराष्ट्र मध्येच लोंबकळणारा, मामाची मुलगी चालते, आत्याची चालेलच असं नाही. गावोगाव फिरून, बायकांशी स्वयंपाकघरात बसून गोळा केलेलं हे ज्ञान आहे. एदिककडच्या त्या बाईला आणि मुलाला बघून त्यांनी डोक्याची लांबी विचारलीच नसती. ही याची कोण, आणि आई नसेल तर याला वाढवलं कुणी, हे विचारलं असतं. जनुकशास्त्रज्ञ आज जे विचारू लागलेत ते त्यांनी पन्नासच्या दशकातच विचारलं होतं, फक्त जिवंत माणसांना.

आपल्याकडच्या हाडांना हे विचारायचं तर अडचण हवामानाची. डीएनए थंडीत टिकतो, उकाड्यात आणि ओलीत त्याचे तुकडे होतात. डेक्कन कॉलेजचेच वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढीचे ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाच बाईचा जनुकसंच हाती लागला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या एका बाईत इथल्या प्राचीन शिकारी लोकांचा अंश होता. तसा तो कमी-अधिक आपल्या सगळ्यांत आहे, ब्राह्मणात आहे, भिल्लात आहे, तमिळात आहे. न्यू जर्सीच्या टक्केवारीत त्याचा रकाना असो-नसो. युरोपला आपले शिकारी कबरीत सापडतात. आपले आपल्यातच विरघळलेले आहेत, त्यांना वेगळं काढायचं तर जिवंत माणसांच्या रक्तावरून उलटा हिशेब मांडावा लागतो.

तरी काही खड्डे असे आहेत की डोळ्यांसमोरून हलत नाहीत. उत्तर प्रदेशात प्रतापगढ जिल्ह्यात जुन्या सरोवरांच्या काठी सराय नाहर राय, महदहा, दमदमा अशी ठिकाणं आहेत, अलाहाबाद विद्यापीठानं खणलेली. उंचीपुरी, दणकट माणसं. सराय नाहर रायच्या एका खड्ड्यात चौघे आहेत, दोन पुरुष आणि दोन बायका. पाठ्यपुस्तकात या खड्ड्यावर एक वाक्य असतं आणि बहुतेक वेळा त्याच्या पुढे 'कुटुंब' हा शब्द हळूच येऊन बसतो. ब्रिटनीनंतर तो शब्द मला खटकतो. दोन जोडपी? चार भावंडं? एकाच दिवशी गेलेले शिकारीचे सोबती? त्याच ठिकाणी एकाच्या बरगडीत सूक्ष्मास्त्राचं टोक रुतलेलं सापडलं. तेव्हा वैरही होतं, आणि वैरात बरोबर उभं राहणारी माणसंही असणारच.

लांघणजला तर कोडं आणखी वेगळं. वरच्या थरांत मडक्यांचे तुकडे आहेत, तांब्याची सुरी आहे. समुद्रातल्या डेंटॅलियम शिंपल्याचे मणी आहेत, आणि समुद्र काही जवळ नाही. मधल्या थराची तारीख इसवी सनापूर्वी दोन हजारांच्या आसपास येते. म्हणजे दक्षिणेला लोथलच्या बाजूला हडप्पा संस्कृतीची माणसं विटांच्या घरांत राहत होती, वजनं-मापं करत होती, त्या सुमाराला इकडे टेकाडावर कुणीतरी हाडाच्या ऐरणीवर गारगोटी टिपत होतं. मागासलेले म्हणून नव्हे. काही अभ्यासकांच्या मते या दोघांत देवाणघेवाण होती, सुरी आणि मणी त्यातून आले. शिकाऱ्याकडे मध, कातडी, रानातली वाट, नगराकडे तांबं. आपल्याकडे परवापरवापर्यंत फासेपारधी तितर-लावे घेऊन गावात येत. गावाला त्यांची शिकार हवी असायची, त्यांची औषधं हवी असायची, पण मुक्काम गावाबाहेर. १८७१ च्या कायद्यानं तर अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. लांघणजचे लोक पारध्यांचे पूर्वज, असं मी म्हणत नाही. तो पुन्हा पटेल-की-ठाकोरचा खेळ होईल. पण लोथलच्या वेशीवर लांघणजचा माणूस आला तेव्हा त्याला आत पाणी दिलं की बाहेर, हे मला कळायला हवं आहे.

कानामागच्या हाडाचा गाभा शरीरातला सगळ्यात घट्ट. उष्ण देशांतही डीएनए टिकला तर तिथेच टिकतो. त्यासाठी कवटीला छोटं भोक पाडावं लागतं, आणि तेवढं हाड कायमचं जातं. चौदा सांगाड्यांत प्रत्येक हाड मोलाचं. माझं मत विचाराल तर पाडावं भोक, पण 'वंश कोणता' हे ठरवायला नको. शेजारी शेजारी दुमडून निजवलेली दोघं एकमेकांची कोण, एवढं विचारायला पाडावं. उत्तर आलं नाही तर नाही.

हे सगळं मी चुलतभावाला लांबलचक लिहून पाठवलं, त्याच्या टक्केवारीला उत्तर म्हणून. ब्रिटनीचे शिकारी मूठभर असूनही नात्यात लग्न टाळत होते, हेही लिहिलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: "ताई, जंगलात राहून त्यांना हे कळत होतं, मग आपल्या आजोबांनी सख्ख्या मामाची मुलगी कशी केली?" खाली काकांनी लिहिलं होतं, "कारण हुंडा वाचला."